बोंडलं

"ठिव ते! आधी खाली ठिव!"

एवढं बोलायलाही आईला तोंड उघडावं लागलं, आणि उघडल्याबरोबर तिचे डोळे पाण्यानं भरले. मी बोंडलं हातात धरून तशीच उभी राहिले.

बोंडलं म्हणजे चोच असलेली पितळेची इवलीशी वाटी, तान्ह्या लेकराला दूध पाजायची. आईनं ती गावाहून येताना गाठोड्यात बांधून आणली होती. मला तिसरा महिना सरत आला होता, पहिलटकरीण मी, आणि माहेरचं म्हणून देण्यासारखं तिच्यापाशी तेवढंच होतं. याच बोंडल्यावर मी वाढले होते.

"अगं, चमच्यानं सांडतंय. दूध गालाला लागलं की झोंबतंय तुला. ह्याची चोच जिभेवर मागं धरली की सरळ घशात जाईल. बघ तरी एकदा."

"बाळाचं हाय ते. त्याला माझं त्वांड लागू द्यायचं न्हाई." तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "मातीनं घासून ठिव. आन् तुज्या उशाला ठिव, माझ्या खोलीत नगं. जा. व्हरांड्यात बस."

मी व्हरांड्यात जाऊन बसले. दूध स्टोव्हशेजारी निवत राहिलं.

सोलापुरात दवाखान्याच्या पाठीमागं एक धर्मशाळा होती. लांबच लांब व्हरांडा, ओळीनं खोल्या, आणि प्रत्येक दारापुढं एक स्टोव्ह. कुणाच्या घशाला, कुणाच्या छातीला, कुणाच्या गर्भाच्या पिशवीला झालेलं; सगळे लाईट घ्यायला आलेले. मशिनीच्या किरणांना तिथं सगळे लाईटच म्हणत. आईच्या गालात आतून गाठ आली होती. जन्मभर तिनं मिश्री लावली. रानात जाताना, दळताना, रडू आलं तरी डाव्या गालात मिश्रीची चिमूट. तिथंच ते उगवलं.

पहिल्या दिवशी तिच्या तोंडावर ऊन ऊन जाळी दाबून मुखवटा केला, मान हलू नये म्हणून. बाहेर आली ती हसतच. "छबे, जत्रंतला म्हसोबा केलं की गं मला! आता कोंबडं कापा म्हनावं."

तेव्हा तिला हसता येत होतं. जवळ येत होती, माझ्या मांडीवर हात टाकत होती. आत जायच्या लोखंडी दारावर एक लाल पाटी होती. आईला अक्षर येत नव्हतं. "काय लिवलंय गं?" तिनं विचारलं, आणि मी वाचून दाखवलं, "गरोदर स्त्रियांनी आत येऊ नये."

"का?"

"आत किरणं असतात म्हणून."

तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं, मग दाराकडं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमचा नंबर पुकारला आणि ती एकटी आत गेली.

*

पंधरवडा सरला आणि तोंड आलं. दवाखान्यातल्या साबळे सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं, की तोंड आतून सोलवटेल, थुंकी चिकट होईल, चव जाईल, मग थुंकीच आटेल. हे आजारानं नाही, औषधानंच होतं, घाबरायचं नाही. पण खायचं. वजन उतरलं तर मुखवटा ढिला पडतो, मग नेम चुकतो. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या. तिखट नाही, आंबट नाही, ऊन ऊन नाही. जेवणाआधी तोंड बधिर करायचं औषध घोळवायचं. आणि मानेच्या कातडीला जपायचं, साबण नाही, तेल नाही, हळद नाही, घासायचं तर मुळीच नाही. नुसतं साधं पाणी सोडायचं आणि मऊ फडक्यानं टिपायचं. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडायचा व्यायाम, तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत.

मी सगळं करत होते. मुगाचं पाणी गाळून द्यायची, भात दुधात इतका कुस्करायची की शीत ओळखू येऊ नये. आई एक घास घ्यायची आणि थांबायची.

"मीठ घातलंस का?"

"घातलंय."

"मग माझंच मीठ हरवलं. माती खाल्ल्यावानी लागतंय."

गंमत अशी, की मला उठल्यासुटल्या उलटी होत होती आणि जीव चिंचेवर गेलेला. ती बिनचवीची, मी चवीला वखवखलेली. शेजारच्या खोलीतली मुमताजबी म्हणायची, "मायलेकी दोघी ओकतात. आता डोहाळजेवण कुणाचं करायचं, सांग?"

मुमताजबीचा नवरा रसूलभाई घशाचा पेशंट. त्याचा आवाज पार गेलेला, आत बोलावायचं झालं तर तो थाळीवर चमचा वाजवायचा. "तीस बरस माझ्यावर खेकसला," ती सांगायची, "आता माझी बारी. मी बोलते, तो घंटी वाजवतो." हे सांगताना हसायची, आणि चमचा वाजला की हातातला भात तसाच टाकून धावायची.

पण आई बदलली, ती तोंड येण्याच्याही आधी. पाटी वाचली त्या दिवसापासूनच. तेव्हा मला ते जोडता आलं नाही.

आधी तिनं माझं अंथरूण व्हरांड्यात काढलं. म्हणाली, "मला उकडतंय." मग माझ्या हातचा घास घेईना. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, मी मागं सरकायचं, मग ती उचलायची. लाईट घेऊन यायची तेव्हा तर बघायलाच नको. मी स्टोव्हपाशी दोडका चिरत बसलेली दिसली, की लांबूनच हात उडवायची.

"टाक ती इळी! चिरू नगंस आत्ता!"

"मग रसूलभाईच्या थाळीवर ताव मारू का?"

"भितीला टेकून गप बस. सुई घिऊ नगंस, कात्री घिऊ नगंस. माझी आंगूळ हुईस्तवर हलू नगंस."

माझ्या पाण्याच्या मडक्यात रोज तुळशीचं पान तरंगायचं. दवाखान्याच्या देवळापुढची तुळस ती येता-जाता खुडून आणायची. मी म्हटलं, "आई, हे काय गं?" तर म्हणाली, "वास चांगला येतोय." वास तिला येतच नव्हता.

मला राग येत होता. मुलगी असून मी सासर सोडून, ओकत ओकत इथं हिच्यासाठी राबते, आणि ही मला महारोग्यासारखी लांब बसवते. एकदा रडत मी मुमताजबीला म्हटलं, "तिला मी नकोशी झालेय."

"आजारी माणूस जीभ हरवतं, पोरी," ती म्हणाली. "चवीची बी आन् बोलायची बी."

मला पटलं नाही. माझ्या आईची जीभ कधी हरवायची नाही. जात्यावर बसली की ओवी तिच्या ओठांतून पिठासारखी झरायची. माझ्यावर तर तिनं किती ओव्या रचल्या होत्या.

हे सांगायला हवं, की मी जन्मले ती ओठ फाटका घेऊन. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आत टाळूलाही फट. दूध ओढता यायचं नाही, पाजलं तर नाकावाटे बाहेर यायचं. आईनं मला उभी धरून बोंडल्यानं थेंब थेंब पाजून जगवलं. पुढं दहाव्या वर्षी शिबिरातल्या डॉक्टरांनी टाके घातले. तरी वण राहिला, बोलणं नाकात राहिलं. दवाखान्याच्या रांगेतसुद्धा बाया आधी माझा ओठ बघायच्या, मग माझं पोट, आणि मग एकमेकींकडं. लहानपणी पोरं चिडवायची तेव्हा मी आईला विचारायची, माझाच ओठ असा का? तेव्हा ती जात्याचा खुंटा धरून म्हणायची,

*देव शिंपी घाईमंदी, टाका घालाया इसरला*
*माझ्या छबूच्या ओठात, चंद्र अर्धाच उतरला*

छबू नावही तिनंच हट्टानं ठेवलं होतं. लोक हसायचे, असल्या तोंडाची म्हणे छबी. ती म्हणायची, "हसा. माझी छबीच हाय."

अशी आई मला लांब बस म्हणत होती.

*

मग तिची मान फुटली.

लाईटीनं कातडी काळवंडते, लाल होते, हे ठाऊक होतं. पण आईच्या मानेवर ओले चट्टे पडले, जणू कुणी ती किसणीवर धरली असावी. साबळे सिस्टरनी पदर बाजूला केला आणि माझ्याकडं वळून चढ्या आवाजात म्हणाल्या, "काय लावलं हिला? चुना? हळद?"

"काही नाही, सिस्टर."

"मग घासलं कुणी? हे लाईटचं नाही, हे घासलेलं आहे. मावशी, तुम्ही साबण लावता का?"

आई वर छताकडं बघत बसली. डॉक्टर आले, बघून गेले. कातडी धरेपर्यंत लाईट बंद ठेवायची असं ठरलं. बाहेर आल्यावर सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "मध्ये खंड पडणं बरं नाही, छबू. ही गाठ सुटीची वाटच बघत असते. हिचं वजनही उतरलंय. काहीतरी कर, आणि आता मानेला धक्का लागू देऊ नको."

मी खोलीत सगळं धुंडाळलं. साबण नव्हता, चुना नव्हता. आईला विचारलं तर, "कातडं जुनं झालंय, फाटतंय," एवढंच.

लाईट परत सुरू झाली तशी दोन दिवसांत मान परत ओली झाली. त्या दुपारी मुमताजबी माझ्यापाशी उकिडवी बसली. हळूच म्हणाली, "छबू, लाईट घेऊन तुझी आई मागच्या नळावर जाते रोज. मला वाटलं तुला ठाऊक हाय. आज मी भांडी घासायला गेले तर... तू जाऊन बघ. माझं नाव घेऊ नको."

मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली, नळ होता. आई लुगड्यासकट नळाखाली बसली होती. केस मोकळे, डोक्यावरून पाण्याची धार. आणि हातात वज्री. टाचा घासायची खरबरीत वज्री. ती मान घासत होती, डावा गाल घासत होती, दातांत पदर धरून. पायाखालचं पाणी गुलाबी होत होतं.

"आई!"

"लांब!" ती किंचाळली. "लांब ऱ्हा! शितोडा उडंल तुज्यावर!"

मी पुढं झाले तशी ती उठून मागं सरली, निंबाच्या बुंध्याला जाऊन टेकली. हातातली वज्री माझ्याकडं रोखलेली, जशी काही मी तिला मारायला आले होते.

"काय करतीस हे? सिस्टरनी घासू नको म्हणून सांगितलं नव्हतं?"

"सिस्टरला काय ठावं? तिची लेक हाय का पोटुशी, हितं?"

"माझ्या पोटाचा काय संबंध?"

"गिराण सुटलं की न्हावं लागतंय," ती म्हणाली. "डोक्यावरनं न्हावं लागतंय. मला रोज लागतंय, रोज सुटतंय. किरणं आंगावर घिऊन येते मी. तशीच तुज्याजवळ यायची व्हय?"

क्षणभर मला हसू आलं. मग मडक्यातलं तुळशीचं पान आठवलं. चिरू नकोस, सुई घेऊ नकोस, भिंतीला टेकून बस. ग्रहणात पोटुशीला जे जे पाळायला लावतात ते सगळं ही माझ्याकडून रोज पाळून घेत होती, आणि मला कळलं नव्हतं.

"आई, ते ग्रहण नव्हे गं. मशीन बंद झाली की किरणं संपतात. अंगाला चिकटत नाहीत."

"पाटी तूच वाचलीस."

"ती आतल्या खोलीपुरती."

"आत जाऊन तर येते मी."

मी धावत जाऊन साबळे सिस्टरना घेऊन आले. त्यांनी आधी आईच्या मानेवर ओलं मऊ फडकं ठेवलं, मग तिच्याशेजारी नळाच्या कट्ट्यावर बसल्या. "मावशी, खोलीतला दिवा मालवला, की उजेड मागं उरतो का?"

आई विचार करून म्हणाली, "उजेड उरत न्हाई. पर चूल इझली तरी भित ऊन ऱ्हातीच की."

सिस्टरना हसू आवरलं नाही. "चुलीचं खरं आहे. पण हे चुलीसारखं नाही, दिव्यासारखं आहे. तुमच्या लेकीला, बाळाला, तुमच्यापासून काही होत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. आणि घासू नका, नाहीतर लाईटच बंद होईल, मग मी काय करू?"

आईनं मान डोलावली. सिस्टर गेल्या. आईनं ओल्या पदराचा पिळा काढला आणि मला म्हणाली, "लई गुणाची बाई. पर तिला ठावं न्हाई."

"आणि तुला ठाऊक आहे?"

"मला ठावं हाय."

"कशावरून?"

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यांत नव्हे, जरा खाली. मग म्हणाली, "तुज्या व्हटाला इचार."

निंबाची पानं पाण्यात पडत होती. ती बोलत होती, दर चार शब्दांमागं ओठ ओले करत, कारण थुंकीच नव्हती.

"देव शिंपी-बिंपी काय न्हाई, छबे. त्यो बिचारा कशाला चुकंल? म्या कापला तुजा व्हट. तू पोटात हुतीस. म्हस दोन दीस उपाशी, तुजा बाप तापानं पडलेला. सासू म्हनली, गिराण हाय, घराबाहीर पडू नगं. म्हस हंबरत हुती. मी गेले. बांधावरचं गवात कापत हुते आन् उन्हाचं त्वांड काळं झालं. पाखरं गप झाली. मला वाटलं, एवढी पेंढी पुरी करावी. हातात इळा हुता." तिनं हवेत एकदा मनगट फिरवलं. "तू जलमलीस, सासूनं दिवा तुज्या त्वांडापाशी धरला आन् म्हनली, बघ, जितं इळा फिरवलास तितं फाटलंय. मरूस्तवर म्हनली. मी तुला कुनाच्या त्वांडून कळू दिलं न्हाई. ओवी केली."

मी पुढं हात केला, आणि ती आणखी मागं सरकली.

"येकदा झालं. आता माझ्यापायी दुसऱ्यांदा न्हाई हुयाचं."

मी त्या रात्री व्हरांड्यात पडून विचार केला तो एवढाच, की मी इथं आहे तोवर ही मान घासणार. शास्त्र सांगून, शपथा घालून, रडून काही होणार नाही. मान फुटेल, लाईट थांबेल, आणि ही माझ्या पोटातल्या जिवासाठी आनंदानं मरेल. तिला जगवायचं असेल तर मी तिच्याजवळ असता कामा नये.

सकाळी मुमताजबी म्हणाली, "जा तू. दोघांचं रांधते तिथं तिसरीचं काय? तिला गुळण्या मी करायला लावते. ऐकली नाही तर रसूलकडून थाळी वाजवते."

निघताना मी बोंडलं आईच्या उशाशी ठेवायला गेले. तिनं ते परत माझ्या पिशवीत टाकायला लावलं. एस.टी. दवाखान्यासमोरच थांबायची. आई रस्त्याच्या अलीकडं निंबाखाली उभी राहिली, मी पलीकडं. मध्ये रिक्षा, टमटम, केळ्यांचा गाडा. मी हातानं खूण केली, घासू नको. तिनं मान डोलावली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं तोंड उघडलं, दुखत असेल तरी उघडलं, आणि तीन बोटं उभी करून आत घालून मला दाखवली. बघ, जातात की नाही. केळीवाला हसायला लागला. आई पण हसत होती, तोंडात बोटं घेऊन, डोळ्यांतून धार लागलेली.

एस.टी. हलली.

*

मी गेल्यावर मान सुकली. मुमताजबीनं निरोप धाडला, की वज्री मीच विहिरीत टाकली. आईनं लाईट पुरी केली, मुखवटा काढून टाकला, गावी गेली. थुंकी मात्र परत आली नाही. पाण्याची बाटली हातात असल्याशिवाय तिला चार शब्द बोलता येत नसत. फोनवर ती एवढंच विचारायची, "लाथ मारतंय का?"

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझं सासरी झालं, कारण तिनं नको म्हटलं. मुलगी झाली.

बाराव्या दिवशी दुपारी आई आली. अंगण ओलांडून आली आणि दाराबाहेरच थांबली. आधीच हडकुळी, आता नुसती सावली. मानेच्या डाव्या बाजूला पुन्हा एक गाठ वर आलेली, सुपारीएवढी. तिनं पदरानं झाकली होती, पण मला दिसली. माझी सासू स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. माझ्या मांडीवर पोर रडत होती, रडून रडून आवाज बसलेला.

"व्हट?" आईनं दारातूनच विचारलं.

मी दुपटं बाजूला केलं.

वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. आत टाळूला फट.

आई उंबऱ्याबाहेर खाली बसली. बाटलीचं बूच उघडत होती, पण बोटांना उघडेना.

"मी लांब हुते की गं," ती म्हणाली. "तुला चिरू दिलं न्हाई. शिवू दिलं न्हाई. मी मान घासली, छबे. आजून किती घासायची हुती?"

"आई, ऐक. डॉक्टरांनी मला सांगितलं. ओठ पोटात दुसऱ्या महिन्यातच होतो. जुळायचा तो तेव्हाच जुळतो, नाही जुळला तर तेव्हाच राहतो. तुझी लाईट सुरू झाली तेव्हा मला तिसरा सरत आला होता. तुझ्या लाईटच्या आधीच हिचा ओठ असा होता. हे रक्तातून येतं. माझ्याकडून आलंय हिला."

मग मी विचारलं, "तू गवत कापत होतीस, ते ग्रहण लागलं तेव्हा तुला कितवा होता?"

"सातवा." ती लगेच म्हणाली. एवढी वर्षं रोज मनात तेच धरून बसली होती. "सातवा सरत आला हुता. तू लाथा मारत हुतीस, म्हनून तर मधी मधी कंबर धरून उभी ऱ्हात हुते."

"मग माझा ओठ केव्हाचा होऊन गेला होता?"

अंगणात कोंबडी मातीत उकरत होती, तिच्या पायांचा आवाज ऐकू येत होता. आईचे ओठ हलले. बोटांवर ती काहीतरी मोजत होती. सात, मग मागं, दोन. परत सात. परत दोन.

"म्हंजी इळा..."

"नाही, आई. इळा नव्हता."

तिनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं आता हंबरडा फोडेल. पण आवाज आला नाही. खांदे हलत राहिले, खूप वेळ. माझी सासू दारापर्यंत येऊन परत गेली. मांडीवरची पोर पुन्हा कळवळून रडली, नाकातून दुधाचा फेस आला. आणि आई उठली, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून आत आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"बोंडलं आन," ती म्हणाली. "निजवून पाजू नगं, नाकात जातंय. दे हिकडं."

तिनं नातीला उभी धरली, मान तळहातावर, पाठ छातीशी. बोंडल्याची चोच फटीच्या बाजूनं नाही, गालाच्या कडेनं जिभेवर मागं टेकवली, आणि एक थेंब सोडला. थांबली. पोरीचा घसा हलला. मग दुसरा थेंब.

"ओरपायची घाई न्हाई," ती पोरीला सांगत होती. "तुजी आय बी अशीच हुती. थेंब थेंब. तरी केवढी झाली बघ."

बोंडलं रिकामं झालं तेव्हा पोर झोपली होती. आईनं माझ्याकडं हात केला, मी बाटली दिली. तिनं घोट घेतला. गळ्यातून सूर निघत नव्हता, सुकलेल्या घशाची खरखरच होती. मध्येच थांबून पाणी पीत, पुन्हा धरत, ती म्हणाली,

*अर्धा चंद्र लेकीपाशी, अर्धा नातीच्या व्हटाला*
*जोडून बघा पुनव झाली, बोल न्हाई गं इळ्याला*

दुसरी ओळ तिनं दोनदा म्हटली.

त्यानंतर ती माझ्याकडंच राहिली. पोरीचे गाल भरले, अंग धरलं, आणि आईची मानेतली गाठ वाढत गेली. शेवटी शेवटी तिला चमच्यातलं पाणीही गिळता येईना, कडेनं ओघळायचं. एका सकाळी मी पोरीला पाजून बोंडलं धुतलं, त्यात कोमट दूध घेतलं आणि आईपाशी बसले. तिला पाठीमागून उभी धरली, तिची मान माझ्या तळहातावर. चोच गालाच्या कडेनं जिभेवर टेकवली.

मी थांबले. मला वाटलं, आता हात वर करील, तोंड फिरवील.

तिनं बोंडल्याकडं पाहिलं, मग पाळण्याकडं. आणि तोंड उघडलं. तीन बोटं जाणार नव्हती, एक जेमतेम गेलं असतं, पण तेवढं उघडलं.

मी एक थेंब सोडला. तिचा घसा हलला.

मग दुसरा.